फॉर्मवर सगळी उत्तरं 'नाही' होती: व्यायाम सुरू करण्याआधीच्या चौकशीचं एक प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितेय. इथे त्यांना नुसतं ताई म्हणू.

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेत एका हॉलमध्ये सकाळी साडेसहाला बायकांची व्यायामाची बॅच चालते. अर्धा वेळ म्युझिकवर एरोबिक्स, मग डंबेल्स, मॅटवरचे व्यायाम आणि शेवटी स्ट्रेचिंग. बॅच घेणारी ट्रेनर माझी जुनी मैत्रीण, मी फिजिओथेरपिस्ट. नवीन बॅच सुरू झाली की पहिले काही दिवस मी तिथे असते, कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाचं सिझर कधी झालंय, ते बघून कोणाला काय द्यायचं नाही हे ठरवून देते.

जून महिन्यात ताई आल्या. वय ३९, अंगणवाडीत काम, दोन मुलं, माहेर जत तालुक्यातलं. उंचीच्या मानाने वजन दहाएक किलो जास्त. जिना चढताना दम लागतो म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८ निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं वजन कमी करा, व्यायाम चालू करा. त्यामुळे ताई बॅचला आल्या त्या 'डॉक्टरांनीच सांगितलंय' म्हणून, आणि हे महत्त्वाचंय, कारण असं कोणी म्हणलं की समोरचा माणूस पुढची चौकशी करायचं सोडून देतो.

आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरून घेतात. कॅनडात १९७० च्या दशकात तयार झालेली सात प्रश्नांची पार-क्यू नावाची प्रश्नावली आहे, जगभर जिममध्ये तीच किंवा तिचीच भावंडं वापरतात, आमचा फॉर्म पण त्यावरूनच केलेला. हृदयाचा आजार आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का, व्यायाम करताना छातीत दुखतं का, गेल्या महिन्यात बसल्याजागी दुखलं का, चक्कर येऊन पडलात का, हाडा-सांध्यांचा असा त्रास आहे का जो व्यायामाने वाढेल, बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, आणि शेवटी 'याशिवाय व्यायाम करू नये असं काही कारण?'. ताईंनी सातही ठिकाणी 'नाही'वर टिक केली होती. आणि त्या खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांच्या माहितीप्रमाणे प्रत्येक उत्तर खरं होतं.

अडचण काय होती

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना तीन मिनिटं जागच्या जागी मार्चिंग करायला लावतो, गुडघा कमरेच्या जरा खाली येईल इतकाच उचलायचा. यात दम लागणं नवीन माणसाला काही विशेष नाही. ताईंना दोन मिनिटांतच लागला, त्या थांबल्या आणि भिंतीला टेकल्या. बाकीच्या बायका पण धापा टाकत होत्या पण हसत, एकमेकींना चिडवत, बोलत होत्या. ताईंना वाक्य पुरं करता येत नव्हतं. पल्स १३२. मिनिटभराने बाकीच्यांची उतरायला लागली, ताईंची दोन मिनिटांनी पण १२० च्या आसपासच. बीपी ११०/७०, म्हणजे छान. बोटाला ऑक्सिमीटर लावला (कोरोनापासून प्रत्येकीच्या पर्समध्ये एक असतोच), तर ९७.

ट्रेनर म्हणाली, अगं सगळं नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून दम लागतोय, हळूहळू वाढवू. आता यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. रक्त कमी असलं की दम लागतो, पल्स वाढते. वजन जास्त असलं की लागतो. कधी व्यायाम केलेला नसला की लागतो. ताईंच्या दम लागण्याला तीन-तीन कारणं तयार होती आणि तिन्ही खरी होती, म्हणून तर इतकी वर्षं कोणी चौथं शोधलं नाही.

मला खटकलं ते भिंतीला टेकून त्या सहज जे बोलल्या ते, "मला पहिल्यापासूनच लागतो हो दम, सवय आहे."

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? म्हणून बाजूला बसवून चहा घेत घेत विचारायला लागले. रात्री झोपताना उशा किती घेता? आधी एक, आता दोन, आडवं पडलं की खोकला येतो म्हणून. आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला जाऊन यायचात म्हणालात, आता जाता का? जाते पण मधे कठड्याला हात लावून उभी राहते, लोक समजतात बाई कृष्णेचं पाणी बघतीय. बाळंतपणात काही त्रास? पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यात इतका दम लागायचा की रात्र बसून काढायच्या, तेव्हा पण रक्त कमी आहे असंच सांगितलेलं, आणि डिलिव्हरीनंतर आपोआप कमी झालं.

मग मी विचारलं, लहानपणी कधी आजारपणामुळे महिना-दोन महिने शाळा बुडली होती का?

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. ताई लगेच म्हणाल्या, हो, पाचवीत. ताप यायचा आणि सांधे सुजायचे, आज गुडघा, तो बरा होतोय तोवर घोटा, मग मनगट. वडिलांनी पाठुंगळी घेऊन एसटीपर्यंत नेलं होतं. मिरजेला दाखवलं, तिथून लिहून दिलं आणि मग गावातले कंपाउंडर दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन द्यायचे, "इतकं दुखायचं की दोन दिवस नीट बसता यायचं नाही". किती वर्षं घेतलं? सोळा-सतराव्या वर्षापर्यंत असेल. का थांबवलं? सांधे दुखायचे थांबले म्हणून.

दर २१ दिवसांनी कमरेत दुखरं इंजेक्शन म्हणजे पेनिसिलिनचं, आणि फिरते सांधे आणि ताप म्हणजे बहुतेक संधिवाती ताप. घशाला एका विशिष्ट जंतूचा संसर्ग होतो, तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूण पण राहत नाही, झडप मात्र हळूहळू जाड होत, चिकटत जाते आणि त्याचा त्रास वीस-वीस वर्षांनी दिसतो. ते इंजेक्शन सांध्यांसाठी नव्हतंच, पुन्हा ताप येऊन हृदयाला आणखी इजा होऊ नये म्हणून होतं. पण ताईंच्या घरी हे कोणाला कळलंच नाही. दुखत होते सांधे, सुई दिली, सांधे थांबले, सुई थांबवली. फॉर्मवर 'हृदयाचा आजार' या प्रश्नाला त्यांनी 'नाही' सोडून दुसरं काय लिहायचं?

पर्याय काय होते

त्या दिवशी हॉलच्या पायरीवर बसून मी आणि ट्रेनरने बराच वेळ वाद घातला. तिचं म्हणणं मला पूर्ण अमान्य नव्हतं, म्हणून नीट मांडते.

तिचा पर्याय होता, बॅचमध्येच ठेवू पण अर्ध्या वेगाने, आणि आठ दिवस बघू. तिची बाजू अशी की दम लागणाऱ्या प्रत्येक बाईला आपण डॉक्टरकडे पाठवायला लागलो तर निम्म्या जणी परत येणारच नाहीत, घरी बसतील, आणि घरी बसण्याचा धोका व्यायामापेक्षा जास्त आहे. हे खरंच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१५ मध्ये आपले व्यायामाआधीच्या तपासणीचे नियम सैल केले ते याच कारणाने. आधीच्या नियमात नुसतं वय आणि रिस्क फॅक्टर मोजून लोकांना डॉक्टरकडे पाठवायचे, त्यात विनाकारण फार माणसं अडकायची. आताच्या पद्धतीत तीन गोष्टी बघतात: माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का, हृदय-मधुमेह-किडनीचा माहीत असलेला आजार किंवा त्याची लक्षणं आहेत का, आणि किती जोराचा व्यायाम करायचाय. पण ताई या सैल नियमात पण अडकत होत्या ना. थोड्या श्रमात दम, आडवं पडल्यावर खोकला, ही लक्षणं आहेत. लक्षणं असतील तर आधी डॉक्टर, यात तो नियम अजिबात सैल नाहीये.

दुसरा पर्याय ताईंच्या मिस्टरांनी फोनवर सुचवला, की लॅबचं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करून टाकू, ऑफर चालू आहे. त्या पॅकेजमध्ये थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी असं पन्नास-साठ गोष्टींचं रक्त तपासतात आणि रंगीत रिपोर्ट देतात, पण झडप रक्तात दिसत नाही. आणि रिपोर्ट चांगला आला असता तर सगळ्यात वाईट झालं असतं, पुढची दहा वर्षं तो फाईलमधून काढून दाखवला असता.

तिसरा, थेट टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर पळवून पट्टी काढणं. हे ट्रेनरच्या ओळखीच्या एकाने सुचवलेलं. पण ती तपासणी मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्या अडल्यात का हे बघायला करतात, आणि दोन मिनिटं मार्चिंग करून जी बाई भिंतीला टेकते तिला कोणी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी ट्रेडमिलवर चढवणं मला पटेना.

चौथा, फिजिशियनकडे पाठवायचं, पण चिठ्ठी देऊन. आणि तोवर बॅच बंद, घरातली कामं आणि सपाट रस्त्यावर बोलता येईल इतकंच चालणं चालू. यात तोटा एकच होता, ताई परत न येण्याचा.

चौथा पर्याय ठरला. ट्रेनर नाराज होती, फी परत करावी लागली तिला.

काय केलं

चिठ्ठीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते सगळं वळण तिथे लागलं. 'व्यायामासाठी फिट आहेत का कळवावे' अशी चिठ्ठी दिली की डॉक्टर बीपी बघतात, फिट लिहितात आणि सही करतात. त्यांचा पण दोष नाही, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. मी असं लिहिलं:

"वय ३९. दहा-अकराव्या वर्षी ताप आणि फिरती सांधेसूज, त्यानंतर पाच-सहा वर्षं दर २१ दिवसांनी इंजेक्शन, बहुधा पेनिसिलिन. दुसऱ्या गरोदरपणात आठव्या महिन्यात झोपल्यावर दम. सध्या एक जिना चढल्यावर दम, दोन उशा, आडवं पडल्यावर खोकला. तीन मिनिटांचं मार्चिंग पूर्ण करू शकल्या नाहीत, पल्स १३२, दोन मिनिटांनी १२०. हिमोग्लोबिन ९.८. झडपेच्या आजाराची शक्यता तपासावी ही विनंती."

मिरजेच्या फिजिशियननी चिठ्ठी वाचली आणि ताईंना डाव्या कुशीवर झोपवून बराच वेळ ऐकलं. झडप अरुंद झाल्याचा आवाज फार हलका आणि खर्जातला असतो, बसलेल्या माणसाला शर्टावरून स्टेथोस्कोप टेकवला तर निसटतो, मुद्दाम शोधला तरच सापडतो. त्यांनी लगेच टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं.

घरी मात्र वातावरण तापलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चांगली धडधाकट होती, व्यायामाला गेली आणि हार्ट पेशंट होऊन आली." मिस्टरांचं म्हणणं, दोन बाळंतपणं झाली, वीस वर्षं घरचं आणि अंगणवाडीचं करतीय, हृदय खराब असतं तर हे जमलं असतं का? ताई स्वतः पण इको आठवडाभर पुढे ढकलत होत्या, कारण पोषण आहाराचा रिपोर्ट द्यायचा होता. शेवटी त्यांची मोठी मुलगी, बारावीत आहे, ती हट्टाने बरोबर गेली म्हणून झालं.

इकोत निघालं, हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप, मायट्रल, अरुंद. ती साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडायला हवी, ताईंची १.२ उघडत होती. वरचा कप्पा ताणून मोठा झालेला आणि फुप्फुसातला दाब थोडा वाढलेला.

हे व्यायामाशी कसं जोडलंय ते सांगायलाच हवं. विनंती थांब्यावर एसटी क्षणभर थांबते आणि दार अरुंद असलं तर गाडी थोडी जास्त थांबवली तरच सगळे आत चढतात, तसं या झडपेतून रक्त खाली उतरायला दोन ठोक्यांमधला वेळ लागतो. ठोके ७० वरून १३० वर गेले की तो मधला वेळच कमी होतो, रक्त वर तुंबतं, मागे फुप्फुसात दाब वाढतो आणि दम लागतो. म्हणजे एरोबिक्समध्ये जे मुद्दाम करायचं असतं, पल्स चढवून वीस-पंचवीस मिनिटं वरच ठेवायची, नेमकं तेच ताईंच्या हृदयाला झेपणारं नव्हतं. गरोदरपणात पण तेच, तेव्हा रक्ताचं प्रमाण आणि ठोके दोन्ही वाढतात. आणि हिमोग्लोबिन कमी असलं की ठोके आणखी वाढतात, म्हणून गोळ्या घेतल्या की ताईंना जरा बरं पण वाटायचं, आणि मग सगळ्यांची खात्री पटायची की रक्तच कमी होतं.

काय झालं

कार्डिओलॉजिस्टनी ठोके हळू ठेवणारी गोळी, लघवीवाटे पाणी कमी करणारी गोळी चालू केली, लोह चालूच ठेवलं. पेनिसिलिनचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, कारण झडपेला इजा झालेली असेल तर ते साधारण चाळिशीपर्यंत तरी द्यायचं असतं, आणि ताई दिवसभर लहान मुलांमध्ये असतात, जिथे घशाचे संसर्ग सतत फिरत असतात, त्यामुळे त्यांना पुढेही चालू ठेवायचं ठरलं. झडपेचा आकार फुग्याने उघडण्यासारखा होता. दिवाळी झाल्यावर ते केलं, जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन फुगा फुगवतात. त्याआधी अन्ननलिकेतून इको करून वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना हे बघितलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, त्यामुळे घरच्यांचा खर्चाचा धसका कमी झाला, सासूबाईंचा राग पण.

झडप आता १.९ उघडते. पहिल्याच आठवड्यात त्या एका उशीवर झोपल्या.

कार्डिओलॉजिस्टच्या परवानगीने आम्ही व्यायाम सुरू केला तो जानेवारीत, आमराईत, सपाट, दहा मिनिटांपासून. इथे एक गंमत झाली. मुलीने हौसेने ताईंना स्मार्टवॉच घेऊन दिलं होतं, त्यातलं ॲप रोज सांगायचं की तुम्ही मॉडरेट झोनमध्ये पोचलाच नाही, आणि ताई पोचायला म्हणून वेग वाढवायला लागल्या. ठोके किती चढायला हवेत याचा ते ॲप २२० वजा वय असला काहीतरी हिशोब करतं, त्याला ठोके हळू ठेवणाऱ्या गोळीबद्दल काय माहीत. या गोळीवर असलेल्या माणसाने घड्याळाचा आकडा गाठायला जाऊच नये. घड्याळ मुलीला परत दिलं आणि साधा नियम ठेवला, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, जमलं नाही तर वेग कमी. जोडीला ६ ते २० ची बोर्ग स्केल शिकवली, म्हणजे श्रम किती जड वाटतायत त्याला आपणच आकडा द्यायचा, त्यात ११ ते १३, म्हणजे 'हलकं' ते 'जरा जड' इथेच राहायचं. नंतर एक-एक किलोचे डंबेल्स, उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. प्लँक आणि भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, म्हणजे ताकद लावून स्थिर राहायचे प्रकार, सध्या नाहीत.

आता त्या सलग अर्धा तास चालतात, आठवड्यातून पाच दिवस. वजन फक्त दोन किलो उतरलंय आणि त्याबद्दल त्या माझ्यावर नाराज आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी दुसऱ्या गरोदरपणात होती. तेव्हा कोणी लहानपणाबद्दल विचारलं असतं तर बारा वर्षं आधी कळलं असतं. ती आमच्या हातातली नव्हती, पण गरोदर बाईला बसून रात्र काढावी लागतेय म्हणजे 'रक्त कमी' एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं.

आमच्या हातातलं म्हणजे फॉर्म कसा भरतो ते. बायका हॉलच्या दारात, चपला काढता काढता, मागे चार जणी उभ्या असताना टिका मारतात. पाळी, ऑपरेशन, गोळ्या, लघवी सुटणं, यातलं काही तिथे कोण सांगणार? आता फॉर्म आदल्या दिवशी घरी देतो आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं एकेकीशी बसून बोलतो. आजाराचं नाव विचारत बसत नाही, काय काय झालं ते विचारतो: लहानपणी मोठं आजारपण, महिनोन्महिने चाललेलं औषध किंवा इंजेक्शन आणि ते कोणी थांबवलं, बाळंतपणात दम-बीपी-साखर, रात्री उशा किती, पूर्वी जमायची आणि आता जमत नाही अशी एखादी गोष्ट. घरात कोणी अचानक गेलंय का, वडील-भाऊ ५५ च्या आत किंवा आई-बहीण ६५ च्या आत, हे पण. आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगतो, कारण 'बीपीची एक पांढरी' यावरून काही कळत नाही.

ट्रेनरची फी परत करायची वेळ आली नसती जर तपासणी पैसे घेण्याआधी झाली असती. आता तसं करतो, आधी बोलणं मग फी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाहीये. लहानपणच्या सांधेदुखीचा प्रश्न फॉर्मवर घातल्यापासून 'हो' म्हणणाऱ्या बऱ्याच निघतात, आणि खोलात गेलं की कोणाचा चिकनगुनिया असतो, कोणाचे वाढत्या वयात नुसते पाय दुखायचे. मी म्हणते ताप, सूज आणि एका सांध्यातून दुसऱ्यात जाणं असं तिन्ही असेल, किंवा ते इंजेक्शन घेतलेलं असेल, तर लक्षणं नसली तरी एकदा इको करूनच या. ट्रेनर म्हणते लक्षणं नसतील तर आधी साध्या डॉक्टरने छाती ऐकावी आणि बाई तोवर हलकी बॅच करू दे, दीड-दोन हजाराचा इको सांगितला की ती येतच नाही. सध्या तिच्या पद्धतीने चाललंय, बॅच तिची आहे. या जूनच्या बॅचमध्ये अशा दोघी आहेत, एकीची छाती ऐकून झालीये, दुसरी अजून 'या सोमवारी जाते' म्हणतेय, आणि तोवर ती मागच्या रांगेत खुर्चीवर बसून हाताचे व्यायाम करते.